पान तीसनंतर पान त्रेपन्न

१

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वेंडेल फेडरली आपल्या स्वयंपाकघरात कोसळला. बायकोने नऊ-एक-एक फिरवला, पण पलीकडे कोणी उचललाच नाही. उचलणार कोण? नऊ वाजल्यापासून हॅलोवे काउंटीच्या आपत्कालीन फोनखोलीतले सगळे पडदे काळे पडले होते आणि त्यांवर चोरांची चिठ्ठी झळकत होती. शेवटी शेजाऱ्याने वेंडेलला पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. काउंटीची चिटणीस युनिस फेडरली त्या दिवशी विधवा झाली, आणि बुधवारच्या पेपरात गावाला गुन्हेगार मिळाला.

गुन्हेगार म्हणजे माझी विद्यार्थिनी, टॅबिथा क्रेग.

मी वर्ना हॉस्टेटलर. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. तीस वर्षं राज्याच्या तपासणी खात्यातर्फे इंडियानातल्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, आता विद्यापीठात सार्वजनिक प्रशासन शिकवते. टॅबिथा दोन पदव्या एकदम करत होती. एक आमच्या विभागाची, दुसरी रस्त्यापलीकडच्या इमारतीतली, सायबर जोखीम-व्यवस्थापनाची. माहितीपत्रकात दोन्ही नावांच्या मधे एक तिरकी रेघ असते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे प्राध्यापक एकमेकांशी जेवणाच्या रांगेतसुद्धा बोलत नाहीत, हे मात्र माहितीपत्रकात छापत नाहीत.

प्रकल्प म्हणून टॅबिथाने आमच्याच काउंटीचा अहवाल केला होता: कचेरीच्या संगणकांना कुठेकुठे भोकं आहेत, त्याची बावीस पानांची यादी. चोरांनी चिठ्ठीत त्याच अहवालाचे आभार मानले होते. म्हणजे अहवाल फुटला होता. कोणी फोडला? पेपरने नाव छापून टाकलं होतं, फोटोसकट.

विद्यापीठाची शिस्त समिती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बसणार होती. पोरगी दोषी ठरली तर दोन्ही पदव्या गेल्या, आणि सरकारी सुरक्षेच्या कामाला लागणारी मंजुरी जन्मात मिळणार नाही. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. आपल्याच काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये टेबल मिळावं, एवढीच तिची उडी. मार्गदर्शक म्हणून मी आधी चौकशी करून समितीला लेखी कळवायचं होतं. केंद्र सरकारची माणसं येऊन संगणक उचलून घेऊन गेली होती आणि सहा महिन्यांनी सांगू म्हणाली होती. माझ्याकडे नऊ दिवस होते.

२

टॅबिथा आईच्या घरी सापडली. आई कॅम्पर गाड्यांच्या, म्हणजे फिरत्या घरांच्या कारखान्यात कामाला गेली होती आणि ही पडदे ओढून बसली होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"चौकशीला आलात की डबा घेऊन, मॅडम?"

"दोन्ही. कोंबडीच्या नूडल्स आहेत. गरम कर, आणि तोंड उघडं ठेव."

ती हसली नाही. सत्तावीस वर्षांची पोर, पण त्या आठवड्यात चाळिशीची दिसत होती.

"अंतिम अहवालाच्या पाच प्रती," ती म्हणाली. "एक, दोन, तीन तिन्ही कमिशनरांना. चार नंबर ग्रेडी पिलसनला. पाचवी माझी, त्या कपाटात आहे. प्रत्येक पानावर प्रतीचा क्रमांक, आणि बंद पाकिटं. शुक्रवारी संध्याकाळी दिली."

"एवढा बंदोबस्त तुला कोणी शिकवला? मी तर नाही शिकवला."

"पलीकडच्या इमारतीतल्या सरांनी. शुक्रवारी सकाळी त्यांना सहज सांगितलं, तर ते म्हणाले, असला अहवाल उघडा फिरवतेस की काय? मग घाईघाईने पाकिटं केली. तसाही अहवाल दुरुस्त करायचाच होता. दुपारी रस्ता खात्याच्या गॅरेजमध्ये टायरांच्या मागे आणखी दोन संगणक सापडले."

"शुक्रवारच्या आधी कोणाच्या हातात गेला होता?"

"युनिसच्या. गुरुवारी कच्चा मसुदा दिला होता, मंगळवारच्या सभेच्या यादीत नंबर लागावा म्हणून. तुम्हाला माहीतच आहे, तिला कागदच लागतो, मेल चालत नाही. पण शुक्रवारी पाकिटं दिली तेव्हा तिने तो माझ्यासमोर फाडला. टराटरा."

"मग तो प्रश्न मिटला," मी म्हणाले. तीस वर्षांची तपासनीस मी, आणि असं म्हणाले. अजून माझा मलाच राग येतो.

"मॅडम," दाराशी ती म्हणाली, "वेंडेलकाकांनी मला सायकल शिकवली होती. आज सकाळी अंत्यविधीला गेले तर लोक उठून दुसऱ्या बाकावर बसले. मी खरंच काही केलेलं नाही हो."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. माहीत काहीच नव्हतं, पण मग बोलणार काय?

गाडीत बसून हिशेब केला. काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांची पाकिटं उघडली गेली असण्याची शक्यता कमीच, त्या तिघांनी आयुष्यात कुठला अहवाल वाचलाय? उरले दोघं. एक टॅबिथा. आणि दुसरा असा माणूस, की ज्याची त्या अहवालाने गावासमोर अब्रू जाणार होती.

३

काउंटीच्या संगणक खात्याचा प्रमुख ग्रेडी पिलसन माझ्याच शाळेतला, दोन वर्षं मागे. गुरुवारी दुपारी चौकातल्या खानावळीत गाठला. पुढ्यात तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच होतं, पावाच्या चहूबाजूंनी बाहेर आलेलं.

"ये, बस. फाशी द्यायला आलीस की हजामत करायला?"

"तू काय केलंयस त्यावर आहे. पेपरवाल्याला तिचं नाव तू दिलंस ना?"

"दिलं. मग? पाच प्रती होत्या वर्ना. कमिशनरांची तिन्ही पाकिटं मी स्वतः गोळा केली, चिकटपट्टीसुद्धा उघडलेली नव्हती. माझी माझ्या तिजोरीत. राहिलं कोण?"

"तुझी तिजोरी. वाचलास ना अहवाल?"

त्याने काटा खाली टाकला. "वाचला. फोनखोलीचा पासवर्ड यंत्रं बसवली तेव्हापासून बदललेला नाही, असं लिहिलंय. खरंच आहे ते! बदलायला दोन माणसं मागतोय मी सहा वर्षं. आणि ही पोरगी चार महिन्यांत येऊन मला नागडं करणार? चिडलो होतो मी. पण तुझ्या डोक्यात जे शिजतंय ना, ते नाही केलं मी. वेंडेल माझा मित्र होता गं. दर शनिवारी आम्ही मासे धरायला जायचो." तो नाटक करत होता असं मला वाटलं नाही.

"चिठ्ठी दाखव."

त्याने फोन पुढे केला. काळ्या पडद्याचा फोटो होता: *तुमचाच अहवाल वाचला. सतरा संगणक नुसत्या पासवर्डवर उघडतात, फोनवर कोडसुद्धा येत नाही. फोनखोलीचं मागचं दार सताड उघडं. मेहनत वाचवल्याबद्दल आभार.* खाली खंडणीचा आकडा.

"आता तुझी प्रत दाखव. हो, आत्ता. सँडविच कुठे पळून जात नाही."

कोर्टहाऊसच्या तळघरात त्याने तिजोरी उघडली. मी सहावं पान काढून त्याच्यासमोर धरलं. "वाच मोठ्याने."

"नुसत्या पासवर्डवर उघडणारे संगणक..." तो थांबला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "एकोणीस."

"चिठ्ठीत किती आहेत?"

ग्रेडीने फोन काढून चिठ्ठी पुन्हा बघितली. "सतरा. अगं, मला दिसलंच नाही."

"गॅरेजमधले दोन शुक्रवारी दुपारी सापडले. या पाचही प्रतींत एकोणीसच आहेत. चोरांनी यातली एकही पाहिलेली नाही, ग्रेडी. तिची नाही आणि तुझीही नाही. त्यांच्याकडे गुरुवारचा मसुदा होता."

"पण तो तर फाडला ना?"

"तसं म्हणतात. उद्या पेपरवाल्याला सांगशील हे?"

त्याने प्रत परत तिजोरीत ठेवली. "माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, वर्ना," तो म्हणाला. म्हणजे नाही.

निघताना मी विचारलं, काउंटीच्या संकेतस्थळावर त्या मंगळवारच्या सभेचे कागद आहेत का. तो म्हणाला, जुनं सगळं चोरांनी पुसून टाकलं, आता आहे ते युनिसच्या फायलीवरून नव्याने चढवलेलं. जिना चढायला मला दहा मिनिटं लागली. युनिसचं दार वरच्या मजल्यावर होतं.

४

नवरा जाऊन पाच दिवस झाले नव्हते, तरी युनिस टेबलाशी बसली होती. खिडकीत शेजाऱ्यांनी दिलेली भांडी रांगेने ठेवलेली, धुऊन पुसून, प्रत्येकावर मालकिणीच्या नावाची चिठ्ठी.

"घरी बस ना चार दिवस," मी म्हणाले.

"घरी ती खुर्ची दिसते," ती म्हणाली. "तू टॅबिथासाठी आलीस ना?"

"हो. गुरुवारचा मसुदा तू फाडलास?"

"तिच्यासमोर."

तिच्या टेबलावर क्रमांक मारायचं लोखंडी यंत्र होतं. दांडा दाबला की जांभळा आकडा उमटतो आणि पुढच्या आकड्यासाठी चाक आपोआप फिरतं. आमच्या काउंटीत सभेपुढे जाणारा प्रत्येक कागद त्या यंत्राखालून जातो. युनिस सगळा गठ्ठा रचून एका दमात क्रमांक मारते, मग त्याची नक्कल संकेतस्थळावर चढवते आणि मूळ कागद खाली दारातल्या काचेच्या फळ्यात लावते. हे सगळं गुरुवारी दुपारी, सभेच्या पाच दिवस आधी, म्हणजे कायद्याला हवं त्याहून लवकरच. एक आकडा चुकला तर सगळा गठ्ठा नव्याने छापून पुन्हा क्रमांक मारणारी बाई. कमिशनर तिची टिंगल करायचे.

टेबलाच्या काचेखाली एक पिवळं पडलेलं कार्ड होतं, तिच्याच वळणदार अक्षरात: *काहीही वगळू नका. काय दाखवायचं हे आपण ठरवायला लागलो, की तिथेच सरकार बिघडतं.* वाक्य छान होतं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

"त्या मंगळवारच्या सभेची फाईल दे," मी म्हणाले. "रद्द झालेल्या."

तिने दिली. मी पानं उलटत गेले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

पुढचं पान त्रेपन्न होतं.

मी पुन्हा मागे जाऊन बघितलं. पानं चिकटलेली नव्हती. मधली बावीस पानं नव्हतीच. टॅबिथाचा अहवाल बावीस पानांचा होता, आणि युनिस फेडरलीचं यंत्र आकडे गाळत नाही.

मी मान वर केली. युनिस उठून दाराला आतून कडी घालत होती.

५

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

"तू बस आधी."

ती बसली. "मी गुरुवारी क्रमांक मारले. गठ्ठा संकेतस्थळावर चढवला, फळ्यात लावला. नेहमीसारखा. शुक्रवारी पोरगी पाकिटं घेऊन आली आणि म्हणाली, जुना मसुदा नको. मी माझ्या हातातला फाडला. लावलेला सोमवारी बदलू म्हटलं, सोमवारीच बदलते मी पानं. ती घाईत होती. फळ्यातला तिने विचारला नाही आणि मीही काही बोलले नाही. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"चार दिवस जगासमोर उघडा होता तो."

"हो. आणि रविवारी मी फोन लावत होते." तिने टेबलावर दोन्ही हात पसरले. "सोमवारी सकाळी इथे आले. वेंडेलला अजून मातीसुद्धा दिली नव्हती. ग्रेडीने चिठ्ठी वाचून दाखवली, सतरा म्हणाला, आणि मला सहावं पान डोळ्यासमोर दिसलं. खाली गेले, फळा उघडला, ती पानं काढली. फाईलमधलीही काढली. घरी नेऊन चुलीत घातली."

"आकडे तसेच राहिले."

"आकडे बदलायचे म्हणजे खोटे मारायचे. ते नाही जमलं मला."

"आणि पोरीचं नाव पेपरात आलं तेव्हा?"

आता मात्र ती रडली, एकदम, मोठ्याने. "मुलांना काय सांगू मी, वर्ना? थोरला रोज विचारतो, आई, ते दार उघडं टाकलं कोणी? मी सांगू, तुझ्या आईनेच टाकलं? दोन दिवस वाटलं, तिच्या वयाला काय, सावरेल ती. मग वाटलं, देव बघतोय. पण तोंडच उघडेना."

मला संताप आला होता आणि तिची दयाही येत होती. "असला अहवाल लोकांपुढे न लावण्याची मुभा आहे कायद्यात," मी म्हणाले. "सुरक्षेतली उणीव उघडी पडत असेल तर कागद झाकता येतो. वेगळं कलमच आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"चिटणिसांच्या प्रशिक्षणात सांगायला हवं होतं."

युनिसने काचेखालच्या कार्डाकडे बोट केलं. "प्रशिक्षण तूच दिलंस, वर्ना. चौदा वर्षांपूर्वी, वाचनालयाच्या तळघरात. मी दुसऱ्या रांगेत होते. कागद झाकायच्या सवलतींवर कोणीतरी प्रश्न विचारला, तर तू म्हणालीस, त्या विसरा, त्या चोरांसाठी असतात. सगळे हसले. मी घरी येऊन तुझं हे कार्डावरचं वाक्य लिहून ठेवलं."

मला तो दिवस आठवला. टाळ्या पडल्या होत्या मला.

"लिही सगळं," युनिस म्हणाली. "मी सही करते. मुलांना आधी मी सांगेन."

६

मी अकरा पानं लिहिली. सतरा आणि एकोणीस, तीस आणि त्रेपन्न, युनिसची सही, आणि शेवटच्या पानावर माझं ते प्रशिक्षण. काही वगळलं नाही. सोमवारी एक प्रत समितीकडे, एक कमिशनरांच्या सभेकडे. त्या रात्री शांत झोप लागली. वाटलं, पोर सुटली.

मंगळवारी काउंटीच्या वकिलाचा, स्प्रोलचा फोन आला. आवाजात तूप होतं.

"वर्ना, अप्रतिम काम. फक्त तो अहवाल आम्ही झाकलाय. त्यात फोनखोलीच्या उणिवांचा उल्लेख आहे ना? सुरक्षेचं कलम. आमच्याकडे पहिल्यांदाच वापरतोय, तुमच्यामुळेच कळलं."

"अहो, उणिवा एकाच परिच्छेदात आहेत! तेवढा काळा करा आणि बाकीचा जाऊ द्या."

"अखंड दस्तऐवज आहे तो. विद्यापीठालाही परत मागितलाय. आणि युनिसला सांगा, झाकलेल्या कागदावर बोललात तर निवृत्तिवेतन जाईल. तुम्हीसुद्धा जरा जपून."

पेपरच्या संपादकाकडे गेले. तो म्हणाला, कागद दाखवा, छापतो. कागदावर युनिसची सही होती, दाखवला असता तर तिचं निवृत्तिवेतन गेलं असतं. ग्रेडीने फोन उचलला नाही. शुक्रवारी समितीसमोर उभी राहून मी सगळं तोंडी सांगितलं, कलमबिलम खड्ड्यात गेलं म्हटलं. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, जे नोंदीवर ठेवता येत नाही ते आम्हाला विचारात घेता येत नाही. नोंदीवर काय होतं? पेपरचं कात्रण. शिवाय, ते म्हणाले, दोन्ही शाखा शिकणाऱ्या विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी मसुद्यावर गोपनीय असा शिक्का मारायला नको होता का?

"मला ते कलम माहीत नव्हतं," टॅबिथा म्हणाली. "पुढच्या सत्रात होतं. पलीकडच्या इमारतीत."

वीस मिनिटांत तिचं नाव दोन्ही पदव्यांतून कमी झालं.

मी तिला घरी सोडायला निघाले. वाटेत कोर्टहाऊस आलं तेव्हा ती म्हणाली, "थांबवा जरा." दारातल्या काचेच्या फळ्यात पुढच्या सभेचे कागद लावलेले होते, जांभळ्या आकड्यांचे. ती एकेक पान बघत गेली आणि एका जागी बोट ठेवून थांबली.

अठरानंतर तीस.

"अकरा पानं," ती म्हणाली. "तुमची?"

"माझी. युनिसने क्रमांक मारले असणार, मग वकिलाने काढून घेतली असतील. नवे आकडे मारून दे म्हणाला असेल. तिने मारले नाहीत."

"म्हणजे मी काही केलं नाही, हे कमिशनरांना माहीत आहे, वकिलाला माहीत आहे, ग्रेडीला माहीत आहे."

"हो."

"आणि कोणालाच सांगायचं नाही."

माझ्या टाळ्यांची किंमत ती मोजत होती. मी म्हणाले, "टॅबी, माझं चुकलं गं."

एक म्हातारा शेतकरी टोपी काढून आत चालला होता. फळ्यासमोर आम्हाला बघून थबकला, टॅबिथाला ओळखलं आणि मान फिरवून पुढे गेला.

"कोणीतरी विचारेल ना?" ती म्हणाली. "मधली पानं कुठे गेली म्हणून?"

चौदा वर्षं युनिस त्या फळ्यात कागद लावत होती. एकदाही कोणी काही विचारलं नव्हतं. एकदाच कोणीतरी नीट वाचलं होतं, आणि ते चोर होते. हे मी तिला सांगितलं नाही.

"विचारेल कदाचित," मी म्हणाले.

सोमवारपासून ती आईबरोबर कॅम्परच्या कारखान्यात जाते. पाळी सकाळी सहाची आहे.